मोसंबीची वाहतूक : जुन्या पिकअपला पाटे ठेवावेत की कॉइल स्प्रिंग बसवावी?

मोसंबीची तोडणी झाली, कॅरेट भरली आणि गाडी रस्त्याला लागली की आपले काम संपले, असे बहुतेक बागायतदार धरून चालतात. बहार धरण्यापासून फळगळ थांबवण्यापर्यंत वर्षाचा मोठा भाग आपण झाडाजवळ घालवतो. पण तोडलेले फळ बाजारात पोहोचेपर्यंतच्या दोन-तीन तासांत त्याचे काय होते, याकडे फारसे लक्ष जात नाही. भाव मात्र ठरतो तो या दोन-तीन तासांनंतर फळ जसे दिसते त्यावर.

वडीगोद्री परिसरात बागा पाहत असताना एका बागायतदाराने मला थांबवले. प्रश्न कोळशीचा किंवा डिंक्याचा असेल अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी बागेऐवजी बांधाला उभी असलेली जुनी पिकअप दाखवली. गाडी दुसऱ्या हाताने घेतलेली. माल भरला की मागून बसायची, म्हणून त्यांनी प्रत्येक बाजूला दोन-दोन पाटे वाढवून घेतले. गाडी बसायची थांबली, पण वरच्या कॅरेटमधील मोसंबीवर तपकिरी डाग दिसू लागले आणि आडतीवर माल बाजूला काढला जाऊ लागला. आता गॅरेजवाल्याचे म्हणणे होते की पाटे काढून टाका आणि मागे कॉइल स्प्रिंग बसवा, गाडी जीपसारखी मऊ चालेल. “तर सर, पाटे ठेवावेत का कॉइल टाकावी?” असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

मी पीकशास्त्राचा शिक्षक, गाडी हा माझा विषय नव्हे. त्यामुळे कृषि अभियांत्रिकीच्या सहकाऱ्यांशी बोलून, गाडीखाली शिरून, मोजमाप करून मगच उत्तर दिले. तोच प्रश्न अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील अनेकांचा असल्याने तो येथे सविस्तर मांडतो. उत्तर आधीच सांगून टाकतो : मागच्या चाकांना पाटेच ठेवा, पण वाढवलेले पाटे काढा. पुढच्या चाकांना कंपनीचीच कॉइल असेल तर ती चांगली, नसेल तर तिच्या मागे लागू नका.

पाटा आणि कॉइल यांची कामे वेगळी आहेत

बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाकाला बसलेला प्रत्येक धक्का साटीपर्यंत जसाच्या तसा जातो. घोडागाडीला पोलादी पाट्यांची कमान लावण्याची पद्धत युरोपात जुनी आहे. इंग्लंडमध्ये ओबेडाया इलियट याने १८०४ साली अशा लंबवर्तुळी कमानीचे पेटंट घेतले. तीच कमान पुढे मोटारीत आली. जुन्या विलीज जीपला चारही चाकांना पाटेच होते, आणि आपल्याकडे खेडोपाडी अनेक वर्षे धावलेल्या जीपगाड्या त्याच घडणीच्या.

पाट्याच्या संचाला आपण नुसती स्प्रिंग समजतो, पण तो दोन कामे करतो. तो भार पेलतो, हे एक. दुसरे असे की मागचा एक्सल गाडीखाली जागेवर धरून ठेवण्याचे कामही तोच करतो. पाट्याचे पुढचे टोक चासीला पिनने पक्के असते, मागचे टोक शॅकलवर झुलते आणि मध्ये एक्सल यू बोल्टने आवळलेला असतो. गाडी ओढताना, ब्रेक मारताना, वळणावर बाजूला ढकलली जाताना जो ताण येतो तो सगळा याच पाट्यातून चासीला जातो.

कॉइल स्प्रिंग फक्त वर-खाली दबते. एक्सल पुढे-मागे किंवा आडवा सरकू नये यासाठी तिला काहीच करता येत नाही. म्हणून ज्या गाडीला मागे कॉइल असते, तिच्या एक्सलला लांब आणि आडव्या दांड्या जोडलेल्या असतात व त्या दांड्यांसाठी चासीवर मजबूत कान असतात. कंपनीने चासी तयार करतानाच हे सर्व ठरवलेले असते. गॅरेजमध्ये पाटे काढून कॉइल बसवायची म्हणजे जुन्या, गंजलेल्या चासीवर वेल्डिंगने हे कान लावायचे आणि टनभर माल घेऊन महामार्गावर त्यांच्या भरवशावर जायचे. एक कान तुटला तर एक्सल फिरतो, मग स्टेअरिंग हातात असून उपयोग नाही. शिवाय पाट्याचा भार चासीवर दोन ठिकाणी विभागून पडतो, तर कॉइलचा एकाच जागी. जुन्या चासीला तो फरक जाणवतो.

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशील कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. अपघात झाल्यावर विम्याचा दावा तपासताना असा बदल नजरेआड होत नाही.

मागे पाटे आणि पुढे कॉइल, असे का?

कंपन्यांनी काय केले आहे ते पाहिले तर पुष्कळ उलगडते. २००० साली आलेल्या बोलेरोला पुढे कॉइल आणि मागे पाटे होते. २००२ साली आलेली स्कॉर्पिओ ही माणसे नेणारी गाडी, तिला मागेही कॉइल दिली. त्याच स्कॉर्पिओची पुढे गेटअवे नावाची पिकअप निघाली, तेव्हा मात्र मागे पाटे आले. २००५ सालच्या टाटा एसला तर पुढे आणि मागे दोन्हीकडे पाटे होते. एकच कंपनी, साधारण एकच गाडी, पण माणसांऐवजी माल भरायचा म्हटल्यावर स्प्रिंग बदलली, ही गोष्ट बोलकी आहे.

याचे कारण भाराच्या चढउतारात आहे. पिकअपच्या पुढच्या चाकांवर इंजिन आणि केबिन यांचे वजन असते. गाडी रिकामी असो वा भरलेली, त्यात फार फरक पडत नाही. जवळपास कायम असणाऱ्या भारासाठी कॉइल उत्तम. ती हलकी असते, तिच्यात घर्षण नाही, बारीक खड्डे ती चांगली गिळते आणि स्टेअरिंग हलके राहते. मागे मात्र रिकाम्या गाडीत स्प्रिंगवर जेवढा भार असतो त्याच्या तिप्पट भार माल भरल्यावर होऊ शकतो. रिकामी असताना मऊ आणि भरल्यावर ताठ, असा दुहेरी स्वभाव मागच्या स्प्रिंगकडून हवा असतो. पाट्यांमध्ये तो सहज साधतो. मुख्य संचाच्या वर किंवा खाली हेल्परचे पाटे ठेवायचे. गाडी रिकामी असताना ते मोकळे राहतात, भार वाढला की टेकतात आणि मग भार उचलू लागतात.

कॉइलने हे साधतच नाही असे नाही. निसान कंपनीच्या नवारा पिकअपला गेल्या दशकात मागे कॉइल दिली गेली. ऑस्ट्रेलियात माल भरल्यावर ती फार बसते अशा तक्रारी आल्या आणि कंपनीला २०१७ व २०१८ मध्ये मागच्या स्प्रिंगमध्ये सुधारणा कराव्या लागल्या. शेवटी कमी भाराला मऊ व जादा भाराला ताठ अशी दुहेरी कॉइल द्यावी लागली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे दोन-तीन प्रयत्नांत जमले, ते रस्त्याकडेच्या गॅरेजमध्ये एका दुपारी जमेल असे मानू नये.

गाडी बसते हा दोष नव्हे

आता मूळ दुखण्याकडे येऊ. माल भरला की गाडी मागून खाली बसते, ते पाहून मालकाचा जीव खालीवर होतो आणि तो पाटे वाढवतो. पण पाटा दबणे हेच पाट्याचे काम आहे. किती दबावा याला मर्यादा आहे, ती पुढे सांगतो. आधी तो दबल्याने फळाला काय मिळते ते पाहा.

खराब रस्त्यावर गाडीचा हौदा वर-खाली हेलकावे खातो. वर जाऊन खाली येताना हौदा जर फळापेक्षा वेगाने खाली गेला, तर फळ क्षणभर अधांतरी राहते आणि मग कॅरेटच्या तळावर किंवा खालच्या फळावर आपटते. हे केव्हा होते याचा हिशेब अगदी सोपा निघतो. शॉकअपचा परिणाम बाजूला ठेवला, तर भाराखाली स्प्रिंग जितके सेंटिमीटर दबलेली असते, तितके सेंटिमीटर हौदा आपल्या जागेवरून वर-खाली झाला की फळ सुटते. स्प्रिंग १० सें.मी. दबलेली असेल तर हौद्याला १० सें.मी. उसळावे लागते. ती ३ सें.मी. दबलेली असेल तर ३ सें.मी. उसळीत फळ उचलले जाते. तीन सेंटिमीटरची उसळी आपल्या कोणत्याही शेतरस्त्यावर पावलोपावली मिळते.

एक उदाहरण घेऊ. समजा, रिकाम्या पिकअपमध्ये मागच्या दोन्ही पाट्यांवर मिळून ५०० किलो भार आहे आणि पाट्यांना १ सें.मी. दाबण्यास १२५ किलो लागतात. रिकामी गाडी ४ सें.मी. दबलेली असते. २० किलोची २५ कॅरेट, म्हणजे ५०० किलो माल मागच्या एक्सलवर आला की दबाव ८ सें.मी. होतो. हजार किलो आल्यावर १२ सें.मी. आता पाच पाट्यांच्या संचात त्याच जाडीचे दोन पाटे वाढवले. ताठपणा पाटे-संख्येच्या प्रमाणात वाढतो असे ढोबळ मानाने धरले, तर १ सें.मी. साठी आता १७५ किलो लागतील. २५ कॅरेटला दबाव ८ ऐवजी ५.७ सें.मी. आणि रिकाम्या गाडीला ४ ऐवजी ३ सें.मी. सुद्धा नाही. म्हणजे फळ आधीच्या पाऊणपट उसळीतच उडू लागले. आपल्या बागायतदाराची गाडी बहुतेक फेऱ्यांना अर्धीच भरत असे, कारण तोडणी टप्प्याटप्प्याने होते. पूर्ण भार असतानाच्या काळजीपोटी त्यांनी अर्ध्या भाराच्या सगळ्या फेऱ्या बिघडवून घेतल्या होत्या.

जाड पाटा टाकला तर गोष्ट आणखी बिघडते. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. ८ मि.मी. ऐवजी १० मि.मी. जाडीचा पाटा हा डोळ्यांना थोडासाच जाड दिसतो, पण ताठपणात तो जवळपास दुप्पट असतो. कॉइलमध्ये तर तारेच्या जाडीचा चौथा घात येतो. १२ मि.मी. ची तार १३ मि.मी. केली की ताठपणा सुमारे ३८ टक्क्यांनी वाढतो. पुढची गाडी खाली घेण्यासाठी कॉइलचा एखादा वेढा कापण्याची टूम काही तरुण मंडळींत आहे. वेढे कमी झाले की उरलेली कॉइल ताठ होते आणि तिचे टोक बैठकीत नीट बसत नाही. ते करू नये.

ब्रेकचा धोका

पाटे वाढवण्याचा एक परिणाम असा आहे की जो फारसा कोणी सांगत नाही, आणि मला तो डागाळलेल्या फळापेक्षा गंभीर वाटतो. अनेक पिकअपना मागच्या एक्सलजवळ एक छोटा व्हॉल्व्ह असतो. त्याची दांडी किंवा स्प्रिंग एक्सलला आणि व्हॉल्व्ह चासीला जोडलेला असतो. गाडी किती बसली आहे यावरून तो भार ओळखतो. गाडी बसलेली असेल तर मागच्या चाकांना ब्रेकचा दाब जास्त सोडतो, रिकामी असेल तर चाके घसरू नयेत म्हणून कमी सोडतो.

पाटे वाढवल्यावर माल भरूनही गाडी बसत नाही. व्हॉल्व्हच्या दृष्टीने ती अजून रिकामीच असते. मागचे ब्रेक कमी लागतात, सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो आणि भरलेली गाडी थांबायला जास्त अंतर घेते. वडीगोद्रीच्या चौफुलीवर धुळे-सोलापूर महामार्गाची वाहने कोणत्या वेगाने येतात हे आपण रोज पाहता. ब्रेक कमी लागतात म्हणून पॅड बदलून, तेल बदलून थकलेल्यांनी एकदा हा व्हॉल्व्ह आणि पाट्यांची संख्या पाहून घ्यावी. पाट्यात काहीही बदल केला, अगदी जुने बसलेले पाटे काढून नवे टाकले, तरी या व्हॉल्व्हची दांडी कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावी लागते.

पाटे वाढवल्याने गाडीची पासिंग क्षमता वाढते हाही गैरसमज आहे. एक्सल, बेअरिंग, टायर, ब्रेक आणि चासी आहे तेवढ्याच क्षमतेची राहते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी २० हजार रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनास २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. एका फेरीत चार कॅरेट जास्त नेऊन हे भरून निघत नाही.

मोजून पाहा

गाडी खरोखर जास्त बसते का, हे डोळ्यांनी ठरवू नका. सपाट जागेवर रिकामी गाडी उभी करून मागच्या एक्सलच्या वरच्या बाजूपासून चासीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजा आणि दारावर खडूने लिहून ठेवा. वजनकाट्यावर फक्त मागची चाके चढवून वजन घ्या. माल भरल्यावर हीच दोन्ही मापे पुन्हा घ्या. वजनातील वाढीला अंतरातील घटीने भागले की आपल्या पाट्यांना १ सें.मी. दाबण्यास किती किलो लागतात ते मिळते. काट्यावरचे रिकाम्या गाडीचे वजन थेट पाट्यावर येत नाही, कारण एक्सल आणि चाके पाट्याच्या खाली असतात. त्यांचे वजन वजा करावे लागते, साध्या पिकअपमध्ये दीडशे किलोच्या आसपास धरले तरी अंदाजाला पुरते.

पूर्ण पासिंग भार असताना एक्सल आणि वरचा रबरी गुटका यांत जागा उरली पाहिजे. मी चार बोटे धरतो. गुटका टेकू लागला तर प्रत्येक खड्ड्याला हातोडा मारल्यासारखा धक्का बसतो, आणि तो जादा पाट्यांपेक्षाही वाईट. तेव्हा पाटे खरोखर थकलेले आहेत असे समजावे. डाव्या-उजव्या बाजूंत दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एका बाजूचा पाटा तुटला आहे का ते पाहावे. बहुधा तो मधला किंवा सर्वांत लांब पाट्याखालचा असतो आणि चिखलामुळे दिसत नाही.

थकलेल्या पाट्यांवर उपाय पाटे वाढवणे हा नाही. मूळ मापाचा पूर्ण संच टाकणे हा आहे. तेवढा खर्च झेपत नसेल तर पाट्यांना पुन्हा बाक देऊन घेता येतो, मात्र थंड असतानाच ठोकून. गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवलेल्या पाट्याचे पाणी जाते. तो काही दिवस छान दिसतो, मग एकतर पुन्हा सरळ होतो किंवा तुटतो. तुटलेला पाटा वेल्डिंग करून वापरणे म्हणजे पुढच्या वेळी कुठे तुटेल ते ठरवून ठेवणे. बाक दिलेले जुने पाटे एक-दोन हंगामांत पुन्हा बसतात, हे धरूनच तो खर्च करावा.

गंजलेले पाटे

आपल्या भागातील गाड्यांचे पाटे तुटण्यापेक्षा अडकून जास्त खराब होतात, असे माझे निरीक्षण आहे. काळ्या रानातील चिखल पाट्यांच्या फटीत जातो, वाळतो आणि गंज धरतो. पाटे एकमेकांवर घसरेनासे होतात. मोठा खड्डा आला तरच संच हलतो, बाकी सारी बारीक थरथर सरळ हौद्यात जाते. मापाने पाहिले तर अशा गाडीला काहीही झालेले नसते, चालवले तर दगडी गाडा. कॉइल बसवलेली गाडी मऊ वाटते त्यामागे तिच्यात असे घर्षण नसते, हेही एक मोठे कारण आहे. म्हणजे कॉइलचा निम्मा फायदा पाटे साफ करूनच मिळतो.

त्यासाठी चासीला जॅक लावून मागची चाके अधांतरी करावीत आणि चासीखाली पक्के टेकू द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये. भार निघाला की पाट्यांत फट पडते. तारेच्या ब्रशने चिखल, गंज काढून ग्राफाइट ग्रीस भरावे. ज्या संचात टोकांना रबर किंवा प्लास्टिकचे तुकडे दिलेले असतात तेथे ग्रीस लावू नये. जळके ऑइल ओतण्याची पद्धत सर्रास आहे, ती सोडावी. त्यावर धूळ बसून पाट्यांमध्ये सांडपेपर तयार होतो, बुशचे रबर फुगते आणि ऑइल ब्रेकच्या ड्रमपर्यंत गेले तर नसती आफत.

काही गाड्यांना नेहमीच्या पाच-सात पाट्यांऐवजी दोन किंवा तीनच, मध्ये जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेले पाटे असतात. त्यांना पॅराबोलिक पाटे म्हणतात. ते फक्त मध्यावर आणि टोकांना टेकतात, म्हणून घर्षण कमी, वजन कमी आणि चाल मऊ. फळवाहतुकीला हे चांगले. पण त्यातील एक तुटला तर निम्मा-तिसरा आधारच गेला. साध्या संचातील एक पाटा तुटल्यास गाडी सावकाश घरी येते आणि तेवढाच पाटा बदलून मिळतो. दूरच्या फेऱ्या आणि आडवाटेचे रस्ते असतील तर मी साधा संच आणि हेल्पर यांच्या बाजूने राहीन. पॅराबोलिक संचात साधा पाटा घुसवणे मात्र पूर्ण चूक आहे.

शॉकअपबद्दल थोडे. तो भार पेलत नाही, उसळी मारतो. त्याच्या नळीवर तेलाचा ओला डाग दिसला तर जोडीने बदलावा. त्याचे काम गेले की वर सांगितलेला सेंटिमीटरचा हिशेब आणखी प्रतिकूल होतो, कारण एका खड्ड्यानंतर हौदा बराच वेळ नाचत राहतो. टायरमधील हवासुद्धा स्प्रिंगच आहे. पूर्ण भारासाठी भरलेली हवा अर्ध्या भाराला दगडासारखी लागते. कंपनीने रिकाम्या व भरलेल्या गाडीसाठी दिलेले वेगवेगळे दाब पाहून हवा ठेवावी.

फळाच्या बाजूने

डाग कशामुळे येतात तेही पाहिले पाहिजे, नाहीतर सगळा दोष गाडीवर जातो. मोसंबीच्या सालीत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. आपटून किंवा घासून त्या फुटल्या की तेल शेजारच्या पेशींना जाळते. तोडल्यावर लगेच काही दिसत नाही, नंतर तेथे साल खोलगट, तपकिरी होते. पहाटे दव असताना किंवा पाणी दिल्यावर लगेच तोडलेले फळ पाण्याने टरारलेले असते, त्याच्या ग्रंथी थोड्याशा दाबानेही फुटतात. दव उतरल्यावर तोडणी सुरू करावी, ही शिफारस त्यासाठीच आहे. आपल्या बागायतदाराकडे तोडणी पहाटे पाचलाच सुरू होत होती, हे विचारल्यावर समजले.

कॅरेट काठाच्या वर भरू नये, वरच्या कॅरेटचा भार फळावर येतो. पण ते अर्धवट रिकामेही ठेवू नये, कारण मोकळ्या जागेत फळ नाचते. सर्वांत वरच्या थराला सर्वांत जास्त मार बसतो, तेथे कागद किंवा गवताचा दाबून थर द्यावा. हौद्यात मोकळी मोसंबी भरणाऱ्यांनी तळाला पेंढा द्यावाच. हौद्यातही जागेजागेत फरक आहे. मागच्या फळीजवळ धक्के सर्वांत जास्त, केबिनजवळ कमी. पहिल्या प्रतीचा माल केबिनकडे आणि रस काढण्यासाठी जाणारा माल मागे, एवढी अदलाबदल फुकट होते. भारही एक्सलच्या पुढे राहतो, ते ब्रेक आणि स्टेअरिंग दोन्हीला बरे.

जालन्याच्या मोसंबीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या नावाने माल दूरच्या बाजारात जायचा असेल तर तेथे फळ तोडल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी पाहिले जाते, म्हणजे नेमके डाग उमटल्यावर.

जुनी पिकअप विकत घेताना

पुढे कॉइल आणि मागे हेल्परसह पाटे, ही जोडी मिळाली तर फळबागायतदाराने ती पसंत करावी. पुढेही पाटे असलेली गाडी चालवायला कडक असते, पण ऊस, खत, सिमेंट असा जड माल आणि कच्चा रस्ता हेच मुख्य काम असेल तर तिची दुरुस्ती सोपी आहे. पुढे कॉइल असेल तर तिच्या खालच्या बैठकीत बोट घालून पाहा. तेथे चिखल साचून गंज धरतो आणि शेवटचा वेढा तेथेच तुटतो. मागे पाटे मोजा. दोन्ही बाजूंची संख्या आणि जाडी सारखी आहे का, एखाद्या पाट्यावर रंग वेगळा आहे का, यू बोल्टचे आटे नेहमीपेक्षा कमी बाहेर आले आहेत का, हे पाहिले की पाटे वाढवल्याचे कळते. अशा गाडीने आयुष्यभर जादा भार ओढला आहे असे समजून चासीवर पाट्यांच्या कानाजवळ तडे शोधा. गाडी सरळ रस्त्यावर मागून चालताना पाहा. मागची चाके पुढच्या चाकांच्या रेषेत न जाता गाडी तिरपी पळत असेल, तर संचाचा सेंटर बोल्ट तुटून एक्सल सरकलेला असू शकतो.

वडीगोद्रीच्या त्या बागायतदाराने कॉइलचा विचार सोडला. दोन्ही बाजूंचे जादा पाटे काढले. उरलेल्या संचात उजवीकडचा एक पाटा तुटलेलाच निघाला, म्हणजे पहिल्यांदा गाडी बसत होती ती त्यामुळे. तो बदलला, पाटे साफ केले, शॅकलचे बुश आणि मागचे दोन्ही शॉकअप नवे घातले, ब्रेकच्या व्हॉल्व्हची दांडी लावून घेतली. तोडणी आता आठनंतर सुरू होते. माल भरल्यावर गाडी मागून बसलेली दिसते, आणि शेजारचे अजूनही त्यांना दोन पाटे वाढवा म्हणून सांगतात.

पाटे उघडून पुन्हा बसवताना यू बोल्ट आणि नट नवेच वापरावेत, एकदा ताणलेला बोल्ट पुन्हा तशी पकड देत नाही. भरलेल्या गाडीची पहिली फेरी झाली की गाडी सपाट जागेवर उभी करून ते पुन्हा एकदा आवळून घ्यावेत. आंबे बहाराच्या फळांच्या तोडणीआधी, पावसाळ्यातील चिखल धुतल्यावर, हे सगळे काम गॅरेजच्या गर्दीपूर्वी एका दिवसात उरकता येते.